पन्नास सेंटची पुस्तिका



जुनी नाणी जमवणारे, टपाल तिकिटे जमवणारे, काडेपेट्यांवरची चित्रे चिकटवून वह्या भरणारे दर्दी आपल्या सर्वांच्याच पाहण्यात असतात. आज ज्या छंदाविषयी सांगायचे आहे तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही, पण अमेरिकेत त्याच्या मागे लागलेली माणसे आयुष्य खर्ची घालतात. हा छंद आहे बेसबॉलच्या अजिंक्यपद सामन्यांच्या जुन्या पुस्तिका जमवण्याचा. मैदानाच्या दारात विकली जाणारी, सामना संपला की बहुतेकांनी बाकाखाली टाकून दिलेली ही पुस्तिका. १९५०च्या दशकात तिची किंमत पन्नास सेंट, म्हणजे अर्धा डॉलर होती. आज तिच्यातल्या काही प्रतींसाठी हजारो डॉलर मोजले जातात. एवढे त्या कागदात आहे तरी काय, हा प्रश्न कोणालाही पडेल.

आधी खेळाविषयी थोडेसे. बेसबॉल हा क्रिकेटचा लांबचा भाऊबंद म्हणावा असा खेळ. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू आणि प्रत्येक संघाचे नऊ छोटे डाव. चेंडू फेकणारा तो पिचर, त्याच्या समोर बॅटवाला, आणि मैदानाच्या कोपऱ्यांवर धावत जाऊन गाठायचे तीन थांबे. हे सगळे थांबे फिरून मूळ जागी परत आले की एक धाव. अमेरिकेत या खेळाच्या दोन मोठ्या लीग आहेत. दोन्ही लीगचे विजेते हंगामाच्या शेवटी एकमेकांशी भिडतात. याच सामन्यांच्या मालिकेला वर्ल्ड सिरीज म्हणतात. नाव जगाचे असले तरी लढत अमेरिकेतल्याच क्लबांची. कॅनडातला एखादा संघ अलीकडच्या काळात त्यात आला, एवढेच.

आजच्या स्वरूपातली पहिली वर्ल्ड सिरीज १९०३ साली झाली. बोस्टनच्या संघाने पिट्सबर्गला पाच सामने विरुद्ध तीन असे हरवले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाने दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी खेळायला नकार दिला आणि १९०४ साली मालिका झालीच नाही. १९०५ पासून ती पुन्हा सुरू झाली आणि १९९४ च्या खेळाडूंच्या संपाचे एक वर्ष सोडले तर आजवर चालू आहे. दोन महायुद्धे झाली, पण ती थांबली नाही.

आता पुस्तिकेकडे वळू. त्या काळी प्रेक्षकाला तिची गरज का पडत होती? कारण साधे आहे. खेळाडूच्या पाठीवर आकडा नव्हता. हजारो माणसांच्या गर्दीत दूर बसलेल्या माणसाला समोर कोण खेळतो आहे हे कळायला मार्ग नव्हता. न्यूयॉर्क यँकीज संघाने पाठीवर कायमचे आकडे लावायला सुरुवात केली ती १९२९ साली. त्याआधी कोण कुठे उभा आहे आणि कोणाच्या मागून कोण बॅट घेऊन येणार, हे सांगणारा छापील कागद हाच प्रेक्षकाचा आधार होता.

हॅरी स्टीव्हन्स नावाच्या माणसाने ही गरज ओळखली. हा मूळचा इंग्लंडचा, ओहायो राज्यात येऊन स्थायिक झालेला. १८८०च्या दशकात त्याने मैदानावर स्कोअरकार्ड छापून विकण्याचा हक्क मिळवला. त्यात जाहिराती घातल्या आणि स्वतः गर्दीत फिरून आरोळ्या ठोकत ती विकली. स्कोअरकार्ड घेतल्यावाचून खेळाडू ओळखता यायचे नाहीत, ही अमेरिकेत म्हणीसारखी झालेली आरोळी त्याच्याच नावावर सांगितली जाते. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि मैदानावर खाणेपिणे पुरवणारा मोठा व्यापारी झाला.

त्या स्कोअरकार्डात रिकामे चौकोन असत. सामना पाहता पाहता प्रेक्षकाने पेन्सिलीने ते भरायचे. ही नोंदीची रीत रुजवण्याचे मोठे श्रेय हेन्री चॅडविक या पत्रकाराला जाते. तोही इंग्लंडमध्येच जन्मलेला. नऊ जागांना नऊ आकडे दिलेले असतात. पिचर म्हणजे १, पहिल्या थांब्यावरचा ३, दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या मधला ६. चौकोनात ‘६-३’ लिहिले असेल तर समजायचे की सहा नंबरच्या माणसाने चेंडू अडवून तीन नंबरच्या माणसाकडे फेकला आणि बॅटवाला बाद झाला. तीन वेळा चुकून बाद झाला तर ‘के’ हे अक्षर. दोन-तीन खुणांत पूर्ण खेळी मावते. ही लिपी येणारा माणूस सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तिका उघडून तो सामना चेंडूगणिक नाही, पण बॅटवाल्यागणिक पुन्हा पाहू शकतो.

या पुस्तिकांचे ऐतिहासिक मोल समजून घ्यायचे तर एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वर्तमानपत्र सामना झाल्यावर छापले जाते. पुस्तक तर वर्षांनंतर लिहिले जाते. लिहिणाऱ्याला निकाल ठाऊक असतो, म्हणून तो आधीच्या घटनाही निकालाच्या उजेडात मांडतो. पुस्तिका मात्र सामन्याच्या आधी छापलेली असते. पुढे काय वाढून ठेवले आहे याची तिला खबर नसते. म्हणूनच तिची साक्ष वेगळी ठरते.

१९१९ सालचे उदाहरण घ्या. शिकागो व्हाइट सॉक्स हा त्या वर्षीचा बलाढ्य संघ. समोर सिनसिनाटी रेड्स. शिकागो सहज जिंकणार असे सगळे म्हणत होते, पण सिनसिनाटीने मालिका पाच-तीन अशी जिंकली. वर्षभराने, १९२०च्या अखेरीस, उघड झाले की जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने मुद्दाम हरण्याचा कट झाला होता. शिकागोच्या आठ खेळाडूंवर आरोप आले. १९२१ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तरी बेसबॉलचे पहिले आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी आठही जणांना खेळातून कायमचे बाद केले. त्यात जो जॅक्सन हा लाडका खेळाडूही होता. १९५१ साली तो वारला, तेव्हाही बंदी कायमच होती. मे २०२५ मध्ये आयुक्तांनी निर्णय दिला की अशी बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. तेव्हा कुठे त्याचे नाव त्या यादीतून निघाले.

१९१९ च्या पुस्तिकेत ही सगळी नावे बिनडाग छापलेली आहेत. ती हातात घेणाऱ्या शिकागोच्या माणसाचा त्या दिवशीचा विश्वास पूर्ण शाबूत होता. त्या विश्वासाचा सौदा आधीच झाला आहे हे त्याला माहीत नव्हते. फसवणुकीचा इतिहास सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. फसवले जाण्याच्या आधीच्या घटकेचा पुरावा मात्र या कागदासारखा दुसरा नाही.

कधीकधी छापलेला कागद वापरलाच जात नाही. १९६४ साली फिलाडेल्फियाचा संघ बारा सामने शिल्लक असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होता. वर्ल्ड सिरीज आपल्याच गावात होणार या खात्रीने तिकिटेसुद्धा छापून झाली. मग संघ ओळीने दहा सामने हरला आणि सेंट लुईसचा संघ पुढे निघून गेला. न झालेल्या सामन्यांच्या अशा तिकिटांना आणि छापील वस्तूंना संग्राहक ‘फँटम’, म्हणजे भुते म्हणतात. हरलेल्यांच्या आशा कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात इतक्या स्पष्ट दिसत नाहीत.

आता या छंदातल्या एका जुन्या वादाविषयी. बाजाराचा साधारण नियम असा की कोरी प्रत महाग आणि पेन्सिलीने भरलेली प्रत स्वस्त. घडी नको, डाग नको, लिहिलेले काही नको. नाण्यांच्या आणि तिकिटांच्या बाजारातला नियमच इथे आला आहे. पण तो इथे लागू पडतो का?

१९५६ ची वर्ल्ड सिरीज पाहा. यँकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. ८ ऑक्टोबरला पाचवा सामना यँकी स्टेडियमवर झाला. यँकीजच्या डॉन लार्सनने त्या दिवशी समोरच्या सत्तावीस बॅटवाल्यांना ओळीने बाद केले. एकही जण पहिल्या थांब्यापर्यंत पोहोचला नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा सामना त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. ६४,५१९ माणसे तो पाहत होती. आता गंमत अशी की यजमान संघ आपल्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांना साधारणपणे एकच पुस्तिका विकत असे. त्या वर्षी तिसरा, चौथा आणि पाचवा हे तिन्ही सामने यँकी स्टेडियमवर झाले. म्हणजे आज कोणाकडे १९५६ ची यँकीजची कोरी करकरीत प्रत असेल, तर ती त्या ऐतिहासिक दिवशी मैदानावर होती की नव्हती हे तिचा मालकही सांगू शकत नाही. कदाचित ती गोदामातून कधी बाहेरच आली नसेल. पण ज्या प्रतीत डॉजर्सच्या बाजूचे चौकोन सत्तावीस वेळा बाद, बाद, बाद असे भरलेले आहेत आणि शेवटच्या चौकोनात डेल मिचेलच्या नावापुढे ‘के’ आहे, ती प्रत स्वतःच बोलते. कोणीतरी पेन्सिल घेऊन बसले होते आणि दर डावागणिक त्याच्या हाताची थरथर वाढत असणार.

अशा गाजलेल्या सामन्यांच्या बाबतीत आता जाणकार संग्राहकही भरलेल्या प्रतीची कदर करू लागले आहेत. मला वाटते, नियम उलटा असायला हवा. कोऱ्या प्रतीत छापखाना जपला जातो. भरलेल्या प्रतीत माणूसही जपला जातो.

माणसांचा विषय निघाला आहे तर या छंदातली सर्वांत गंभीर गोष्ट सांगायला हवी. १९०३ पासून १९४६ पर्यंतच्या वर्ल्ड सिरीजच्या सगळ्या पुस्तिका एकापुढे एक मांडल्या, तर त्यांत एकही कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू सापडत नाही. त्यांना त्या लीगमध्ये खेळूच देत नसत. तसा लेखी नियम कुठे नव्हता, पण सगळ्यांनी तो पाळला होता.

याचा अर्थ ते खेळत नव्हते असा नाही. त्यांनी १९२० पासून स्वतःच्या लीग उभ्या केल्या. १९२४ साली त्यांची स्वतःची वर्ल्ड सिरीज झाली. कॅन्सस सिटी मोनार्क्सने फिलाडेल्फियाजवळच्या हिल्डेल संघाला पाच विरुद्ध चार असे हरवले आणि एक सामना बरोबरीत सुटला. १९२७ पर्यंत आणि पुढे पुन्हा १९४२ ते १९४८ या काळात ही मालिका होत राहिली. कित्येकदा गोऱ्यांच्या क्लबांचीच मैदाने भाड्याने घेऊन हे सामने होत. तेच मैदान, तीच बाके, तोच खेळ. फक्त पुस्तिका वेगळी. गोऱ्यांच्या मालिकेची पुस्तिका आज पैसे टाकले की मिळते. या दुसऱ्या मालिकेची पुस्तिका मात्र शोधून सापडत नाही. या क्लबांकडे पैसा कमी, छपाई थोडी, आणि त्या कागदाला पुढे कधी मोल येईल असे त्या काळी कोणी त्यांना सांगितले नव्हते.

कागद गेला की काय जाते, ते जॉश गिब्सनच्या कहाणीत दिसते. कृष्णवर्णीयांच्या लीगमधला हा महान बॅटवाला. जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ ला, जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिनच्या संघातून मैदानात पाऊल टाकले आणि रंगाची भिंत फुटली. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या पुस्तिकेत पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव छापले गेले. गिब्सनचे नाव अशा पुस्तिकेत कधीच आले नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने या जुन्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला. मग त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत घेण्याचे काम सुरू झाले. पण आकडे आणायचे कुठून? संशोधकांनी शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरिअर यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांचे जुने अंक आणि हाताशी लागतील ती स्कोअरकार्डे धुंडाळली आणि एकेक सामना पुन्हा उभा केला. मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत झाले. फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबचा ३६७ चा आकडा जवळपास शतकभर सर्वांत वर होता. त्याच्या वर आता गिब्सनचा ३७२ आला. मेल्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्याला त्याची जागा मिळाली, ती कोणीतरी कागद जपला म्हणून. ज्या सामन्यांचा कागद सापडला नाही, त्या सामन्यांतल्या त्याच्या धावा आजही हिशेबाबाहेर आहेत.

रॉबिन्सननंतर चित्र झपाट्याने बदलले. १९४८ च्या मालिकेत क्लीव्हलँडचा लॅरी डोबी आणि प्रख्यात पिचर सॅचेल पेज हे दोघे होते. पेज ज्या सामन्यात चेंडू फेकायला उतरला, त्याला ८६,२८८ प्रेक्षक हजर होते. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या लीगची शेवटची वर्ल्ड सिरीज झाली. तिच्यात बर्मिंगहॅमच्या संघातून सतरा वर्षांचा एक पोरगा खेळत होता. त्याचे नाव विली मेज. सहा वर्षांनी, १९५४ च्या मोठ्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने पाठमोरे धावत जाऊन घेतलेला झेल आजही दाखवला जातो. १९४८ चा बर्मिंगहॅमचा कागद आणि १९५४ ची न्यूयॉर्कची पुस्तिका शेजारी ठेवली की एका माणसाच्या सहा वर्षांत एक देश किती चालला ते दिसते. जो संग्राहक फक्त दुसरी ठेवतो, त्याच्याकडे अर्धीच गोष्ट आहे.

ज्यांना या छंदात रस वाटेल, किंवा ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत राहतात, त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. १९७३ पर्यंत दोन्ही संघ आपापली पुस्तिका स्वतंत्र छापत असत. म्हणून एका वर्षाच्या दोन पुस्तिका. १९०३ ते १९७३ पर्यंतचा पूर्ण संच म्हणजे हिशेबाने एकशे चाळीसच्या आसपास. १९७४ पासून बेसबॉलच्या मध्यवर्ती कार्यालयाने दोन्ही संघांसाठी एकच पुस्तिका काढायला सुरुवात केली. त्या भरपूर छापल्या गेल्या, म्हणून १९८०च्या दशकातल्या आजही स्वस्तात मिळतात. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. पहिल्या काही वर्षांच्या पुस्तिका सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत.

नकलांपासून सावध राहायला हवे. जुन्या पुस्तिकांची नवी छपाई अनेकदा झाली आहे. ती छापणाऱ्यांनी कोणाला फसवायला छापली नसेल, पण पुढे हात बदलता बदलता तीच अस्सल म्हणून विकली जाते. नकलेत बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. भिंगातून पाहिले तर अक्षरांवरही छायाचित्रासारखे ठिपके आढळतात. अस्सल जुन्या प्रतीत पिनांभोवती गंजाचा डाग कागदात मुरलेला असतो. जाणकार अतिनील दिव्याखाली कागद धरतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कागदाला पांढरेपणा आणणारी रसायने वापरात आली, ती त्या दिव्याखाली निळसर चमकतात. १९१९ चा म्हणून दाखवलेला कागद असा चमकला तर सौदा करू नये.

जपण्याची रीत मात्र घरच्या कोणत्याही जुन्या कागदाला लागू आहे, मग तो आजोबांचा दाखला असो, जुनी लग्नपत्रिका असो की गावच्या स्पर्धेचे पत्रक. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि कागद खातो. लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पिशवीऐवजी पॉलिएस्टरचे स्वच्छ पाकीट वापरावे. कागद ऊन आणि ओल यांपासून दूर, आडवा ठेवावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर तर मुळीच ठेवू नये. आणि कागद कोणाचा, कुठला, घरात कसा आला, हे एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. चिठ्ठी नसली तर दोन पिढ्यांनी तो कागद मुका होतो.

किमतीसाठी जमवणाऱ्यांची मी निंदा करणार नाही. किंमत आली म्हणूनच कित्येक पुस्तिका रद्दीच्या तराजूतून वाचल्या. पण जुना कागद हा विकत घेतला तरी पूर्ण आपला होत नाही. तो आपल्याकडे असतो अमानत म्हणून. कूपर्सटाऊन गावी १९३९ पासून बेसबॉलचे मोठे संग्रहालय आहे आणि १९९० मध्ये कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीयांच्या लीगचे वेगळे संग्रहालय स्थापन झाले. दोन्ही ठिकाणी पुष्कळसा कागद आला तो सामान्य घरांतल्या पेट्यांतून. त्या घरांतल्या लोकांना तो फेकून देता आला असता. त्यांनी ठेवला, म्हणून कोण खेळले होते ते आज कळते.